ओळखीच्या माणसांत गुप्त मत

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मतदान केंद्र म्हणजे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक वर्ग. टेबलामागचे कर्मचारी बाहेरगावाहून आलेले असतात, पण बाकावर बसलेले मतदान प्रतिनिधी गावातलेच. त्यांतला एखादा तुमचा चुलतभाऊ असतो, एखाद्याचा बांध तुमच्या बांधाला लागलेला असतो, एखाद्याकडून तुम्ही वर्षानुवर्षं खतं-बियाणं घेत आलेले असता. उमेदवार तर अनेकदा भावकीतलेच. तुम्ही आत जाता, तुमचं नाव मोठ्याने वाचलं जातं आणि ते सगळे ऐकतात. त्यांच्या देखत तुम्ही सही करता, त्यांच्या देखत तुमच्या बोटाला शाई लागते. मग तुम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाला जाता आणि काही सेकंदांत असं काही करून येता, जे तुम्ही होऊन सांगितल्याशिवाय या खोलीतल्या एकालाही कळत नाही.

लोकसभेच्या मतदानात ही गुप्तता फारशी जाणवत नाही, कारण पंधरा-वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात उमेदवार आपल्याला ओळखत नसतो. गावात, वॉर्डात, आळीत मात्र उमेदवाराला तुमच्या घरात किती मतं आहेत ते पाठ असतं. निकालानंतरही पाच वर्षं रोज त्याच पाणंदीने जायचं असतं, त्याच नळावर पाणी भरायचं असतं. इतक्या जवळच्या माणसांत गुप्त राहणारं मत ही साधी गोष्ट नाही. ती कशी साधली आहे, हे समजून घेतलं की प्रत्यक्ष मतदान करताना दिसणाऱ्या प्रत्येक लहानसहान गोष्टीचा अर्थ उलगडत जातो.

यादीपासून सुरुवात

या स्थानिक निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. १९९२ साली संसदेने केलेल्या आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. त्यांच्या निवडणुकांसाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग नेमला गेला. महाराष्ट्रातला आयोग १९९४ पासून काम करतो. ग्रामपंचायतीपासून मुंबई महानगरपालिकेपर्यंत सगळ्या निवडणुका त्याच्याच.

मतदार यादी मात्र हा आयोग स्वतः तयार करत नाही. विधानसभेसाठी केलेली यादी एका ठरलेल्या तारखेला आहे तशी घेतली जाते आणि प्रभागांनुसार फोडली जाते. २०२५च्या डिसेंबरात झालेल्या नगरपरिषदांच्या आणि २०२६च्या जानेवारीत झालेल्या महापालिकांच्या निवडणुकांसाठी ही तारीख होती १ जुलै २०२५. त्या दिवशी ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत होतं, तोच मतदार. त्यानंतर नोंदणी केलेल्यांना त्या निवडणुकांत मत नव्हतं. म्हणून स्थानिक निवडणुकीची तयारी निवडणूक जाहीर झाल्यावर करून चालत नाही, ती आधीच करून ठेवायची असते.

प्रभागवार प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. नाव भलत्याच प्रभागात गेलं असेल, तर ते दुरुस्त करून घेण्याची वेळ हीच. एक गोष्ट अनेकांना केंद्रावर गेल्यावर कळते आणि मग चुटपुट लागते: मतदार ओळखपत्र हातात असलं तरी यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. उलट नाव यादीत असेल आणि ओळखपत्र सापडत नसेल, तर आधार कार्ड, पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, पॅन कार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशा पुराव्यांपैकी एक चालतो. यादी हक्क ठरवते, ओळखपत्र फक्त माणूस पटवतं.

आपल्याला किती मतं?

स्थानिक निवडणुकीची एक गंमत अशी, की तुम्ही कुठे राहता त्यावर तुमच्या मतांची संख्या ठरते. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडला जातो, म्हणून मुंबईकराला एकच मत. राज्यातल्या इतर महापालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडायचे, म्हणून मतंही चार. नगरपरिषदेत प्रभागातल्या जागांसाठी साधारणपणे दोन मतं आणि थेट निवडल्या जाणाऱ्या नगराध्यक्षासाठी आणखी एक. जिल्हा परिषदेच्या वेळी दोन मतं: एक जिल्हा परिषद गटासाठी, दुसरं पंचायत समिती गणासाठी. ग्रामपंचायतीत प्रभागातल्या दोन-तीन सदस्यांसाठी तितकी मतं आणि सरपंचासाठी वेगळं. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत राज्यात २०१७ साली आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात. एखादी जागा अनुसूचित जातीसाठी राखीव, एखादी नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, एखादी महिलेसाठी, तर एखादी सर्वसाधारण. राज्यातल्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यामुळे एकाच प्रभागातून, एकाच दिवशी, निरनिराळ्या समाजघटकांतली माणसं एकत्र निवडून येतात. त्यांतल्या प्रत्येकाला सगळ्या प्रभागाने मत दिलेलं असतं.

ग्रामपंचायतीच्या मतयंत्रावर कोणत्याही राजकीय पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, शिट्टी, पंखा अशी मुक्त चिन्हं उमेदवारांना वाटून दिली जातात. पॅनेल कोणाचं आहे ते गावाला ठाऊक असतं, पण कायद्याच्या लेखी ती माणसांची निवडणूक असते, पक्षांची नाही.

टेबलापाशी: सगळं उघड

महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकीचं मतदान सामान्यतः सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच चालतं. गडचिरोली-गोंदियासारख्या जिल्ह्यांच्या नक्षलग्रस्त भागात ते दुपारी तीनलाच संपवलं जातं, म्हणजे कर्मचाऱ्यांना उजेडात परतता येतं. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा तो घरी ठेवून निघालेलं बरं. रांगेत उभं राहायचं आणि पाळी आली की पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोर जायचं.

तो तुमचा पुरावा पाहतो, यादीतला अनुक्रमांक शोधतो आणि तुमचं नाव मोठ्याने पुकारतो. हे पुकारणं बाकावरच्या प्रतिनिधींसाठी असतं. त्यांच्या हातात याच यादीच्या प्रती असतात. उभा असलेला माणूस खरोखर तोच आहे का, तो हयात आहे का, गावात राहतो का, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शंका आली तर ते आक्षेप घेऊ शकतात आणि मतदान केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो. परस्परविरोधी उमेदवारांची माणसं शेजारी शेजारी बसवण्यामागे हाच हेतू. एकाने डोळेझाक केली, तरी दुसरा करत नाही.

म्हणजे ज्या ओळखीच्या नजरांची आपल्याला भीती वाटावी, त्याच नजरा या व्यवस्थेने कामाला लावल्या आहेत. माणूस खरा आहे की नाही हे शेजाऱ्यांनी पाहायचं. त्याने कोणाला मत दिलं, हे मात्र त्याच शेजाऱ्यांना कधीही कळता कामा नये. एकाच खोलीत या दोन उलट गोष्टी साधायच्या असतात. सही, शाई, आडोसा ही सगळी मांडामांड त्यासाठी.

ओळख पटली की यादीच्या चिन्हांकित प्रतीत तुमच्या नोंदीवर रेघ मारली जाते. स्त्रियांच्या नोंदीला वेगळी खूण असते, त्यामुळे किती पुरुषांनी आणि किती स्त्रियांनी मत दिलं याचा हिशेब दिवसभर लागत राहतो. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचं उघड झालं, तर हात हलवत परतायचं कारण नाही. केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं दिलीत, तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. तिला प्रदत्त मत म्हणतात आणि ती वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवली जाते. ही मागणी करायला संकोच करू नये.

दुसरा अधिकारी नोंदवहीत तुमची सही किंवा अंगठा घेतो, डाव्या हाताची तर्जनी तपासतो आणि तिला शाई लावतो.

बोटावरची चांदी

या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा क्षार. ते त्वचेवर आलं की घामातल्या मिठाशी त्याची क्रिया होऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि उजेड लागला की ते काळं पडतं. जुन्या काळच्या फोटोंचा कागद ज्या रसायनशास्त्रावर चालायचा, तेच इथे बोटावर घडतं. काळे झालेले कण पाण्यात विरघळत नाहीत, साबणाने सुटत नाहीत. मेंदीसारखी ही खूणही त्वचेचा वरचा थर झडेल तेव्हाच जाते. नखावरची तर नख वाढून पुढे सरकेल तेव्हा.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ही शाई विकसित केली आणि १९६२च्या लोकसभा निवडणुकीपासून ती देशभर वापरात आली. ती तयार होते म्हैसूरच्या ‘मैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात. हा कारखाना म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ साली सुरू केला होता. आज जगातल्या अनेक देशांत तिथूनच शाई जाते.

या खुणेचा बारकावा असा, की ती ‘मत दिलं’ एवढंच सांगते. कोणाला दिलं, याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. बोट सगळ्यांना दाखवता येतं आणि तरीही काही उघड होत नाही.

आडोशाला: सगळं गुप्त

आता तिसरा अधिकारी. त्याच्यासमोर यंत्राचा नियंत्रण भाग असतो. मतदाराने बटणं दाबायचा भाग, म्हणजे मतयंत्र, आडोशाच्या मागे. दोघांना जोडणारी एक केबल. अधिकारी आपल्याकडचं बटण दाबतो, तेव्हाच मतयंत्र एका मतदारापुरतं उघडतं. तुम्ही आडोशाआड किती वेळ थांबलात, किती वेळा बटण दाबलंत, याने काही फरक पडत नाही. पुढच्यासाठी पुन्हा परवानगी मिळाल्याशिवाय यंत्र ढिम्म राहतं.

एकसदस्य प्रभागात काम सोपं: पसंतीच्या चिन्हापुढचं बटण दाबा, लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो, मत नोंदलं गेलं. बहुसदस्य प्रभागात मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. अ जागेच्या उमेदवारांची यादी आणि तिच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, मग ब जागेची यादी आणि पुन्हा तोच पर्याय, असं क्रमाने. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या कागदावर छापलेली असते, म्हणजे वाचता न येणारालाही कुठे एक जागा संपली आणि दुसरी सुरू झाली ते कळतं. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. एखाद्या जागेचा एकही उमेदवार पटत नसेल, तर त्या जागेपुरतं ‘कोणीही नाही’ दाबायचं. चारही जागांची मतं दिली की मगच तो लांब आवाज येतो. एक-दोन बटणं दाबून लोक गडबडीने बाहेर येतात आणि मतदान अपुरं राहतं. म्हणून कान आवाजाकडे असू द्यावेत.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला महाराष्ट्राच्या स्थानिक निवडणुकांत लोकसभेपेक्षा जास्त वजन आहे. लोकसभेला या पर्यायाला कितीही मतं मिळाली, तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक तो विजयी. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून या पर्यायालाच काल्पनिक उमेदवार मानलं. त्याला सर्वांत जास्त मतं पडली, तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

मत दिल्यावर उमेदवाराचं चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड दिसणं, ही लोकसभा-विधानसभेची सोय इथे अपेक्षू नये. राज्याच्या स्थानिक निवडणुकांत तसं यंत्र सर्रास वापरलं जात नाही. इथली खात्री म्हणजे तो लाल दिवा आणि तो आवाज.

या सगळ्या मांडणीतला सर्वांत सुंदर भाग असा: नोंदवहीला तुमचं नाव माहीत आहे, पण मत माहीत नाही. यंत्राला मत माहीत आहे, पण तुमचं नाव त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

गोव्यातला कागद

१९९९ साली सगळ्या मतदारसंघांत यंत्राने विधानसभा निवडणूक घेणारं गोवा हे पहिलं राज्य. तरीही तिथल्या पंचायतींच्या २०१७ आणि २०२२च्या निवडणुका कागदी मतपत्रिकेवर झाल्या. मतपत्रिकेवर उमटवायचा शिक्काही मोठ्या विचाराने घडलेला आहे. त्यावर बाणाची फुली असते आणि तिचे हात एकाच दिशेला वळलेले असतात. मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या चिन्हावरही उमटू शकते. तसं झालं, तर तिथली फुली आरशातल्यासारखी उलट्या दिशेला वळलेली दिसते. कोणता ठसा मतदाराचा आणि कोणता घडीमुळे उमटलेला, हे मोजणाराला लगेच ओळखता येतं आणि मत वाया जात नाही. एका रबरी शिक्क्यात एवढी काळजी भरलेली आहे.

हा आडोसा फार जुना नाही

आज आपल्याला गुप्त मत स्वाभाविक वाटतं. पण इंग्लंडसारख्या देशात १८७२ पर्यंत मतदार चारचौघांत उभा राहून आपलं मत तोंडाने सांगत असे. जमीनदार, मालक, सावकार ऐकत असत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५६ साली सरकारने छापलेली मतपत्रिका आणि मत नोंदवायला आडोसा ही पद्धत आणली, आणि हळूहळू जगाने ती उचलली.

१८७२ सालीच मुंबईच्या महापालिकेसाठी कायदा झाला आणि कर भरणाऱ्यांना आपले काही प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क मिळाला. शहरातल्या बहुसंख्य लोकांना तो नव्हता. गिरणीत राबणारा, बंदरावर ओझी वाहणारा, घरकाम करणारी बाई, यांच्या दारापुढच्या गटाराचा निर्णय दुसरेच घेत. मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली, स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी. पुढे १९५१-५२ साली देशभर मतदान झालं, तेव्हा लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

दिवस संपताना

सकाळी मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतलेलं असतं. यंत्रात चाचणीची मतं टाकायची, मोजायची, पुसायची आणि मग मोहोर लावायची. संध्याकाळी साडेपाचला जे रांगेत उभे असतात, त्या सगळ्यांना मत देता येतं. त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या जातात आणि त्याही रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे नंतर मागे कोणी येऊन उभं राहू शकत नाही. मग यंत्र बंद होतं आणि नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रातली एकूण मतं जुळवली जातात.

एका ठिकाणी मात्र गुप्ततेचं कापड विरळ होतं. मतमोजणी केंद्रनिहाय होते. काही शे मतदारांच्या केंद्रावर कोणत्या वस्तीचा कल कोणाकडे होता, ते निकालाच्या दिवशी सगळ्यांना दिसतं. माणूस झाकलेला राहतो, वस्ती नाही. यावर मतदाराच्या हाती असलेला उपाय एकच: मोठ्या संख्येने मतदान करणं. केंद्रावर जितकी जास्त आणि जितकी वेगवेगळी मतं, तितकं एकेका घराचं मत ओळखणं अवघड.

आणि एका मताने काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीतला प्रभाग २२० आठवावा. अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर या दोन उमेदवारांना समसमान ५,९४६ मतं पडली. शेवटी कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकावी लागली आणि शाह विजयी झाले. त्या दिवशी कंटाळा करून घरी बसलेल्या कोणाही एका मतदाराला चिठ्ठीऐवजी स्वतःच निकाल ठरवता आला असता. लोकसभेला लाखाच्या फरकाने निकाल लागतात. ग्रामपंचायतीत तो फरक अनेकदा एका कुटुंबाच्या मतांएवढा असतो.

म्हणून वाचकहो, निवडणुकीची घोषणा होण्याची वाट पाहू नका. विधानसभेच्या मतदार यादीत आपलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या मुलांचं नाव आहे का, ते आजच पाहा. नसेल तर नोंदवा. प्रभागवार यादी आली की ती पुन्हा तपासा. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन लवकर निघा, सगळ्या जागांची मतं द्या, लांब आवाज ऐका. आणि तुम्ही कोणाला मत दिलं असं कोणी विचारलं, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर उत्तर न देण्याचा हक्क तुमचा आहे. आपल्या पणजोबांपैकी बहुतेकांना तो नव्हता. आपल्याला आहे, तो वापरा.